मागच्या चाकापाशी

हेमंतातल्या रविवारी सकाळी, ऊन अजून सोसायटीच्या फाटकाशीच घुटमळत असताना, खालच्या पार्किंगमधून चाक फिरल्याची मंद, एकसुरी खरखर वर येते. मोटारसायकल डबल स्टँडवर उभी, मागचं चाक अधांतरी, आणि त्याच्यापाशी उकिडवी बसलेली दोन माणसं: माझा नवरा आणि माझी लेक. किती लोभस दृश्य, म्हणाल तुम्ही! मी ते गॅलरीतून बघते आणि खरं सांगते, माझा नुसता जळफळाट होतो.

रेवा रोज नाशिकहून ओझरच्या कारखान्यात मोटारसायकलने जाते. गाडी सर्व्हिसिंगहून आली की मागचा ब्रेक घरी तपासायचा, हा बापलेकीचा कुळाचारच. ती चाक फिरवते, बाबा तळव्याने पेडल दाबतात. पेडल आधी जरासं रिकामं जायला हवं आणि मगच ब्रेकने चाक धरायला हवं. ती ढिलाई नसली तर ब्रेक सारखा घासतो, फार असली तर ऐन वेळी दगा देतो. एवढीशी गोष्ट! पण तिच्या निमित्ताने दोघांची डोकी एकमेकांना टेकतात, कुजबुज चालते, मध्येच हसू फुटतं. पोटात वाढवली मी, आणि गुपितं मात्र बाबांच्या कानात! माझ्या वाट्याला काय, तर 'डबा भरलास का' आणि 'आज उशीर होईल'. मत्सर काय फक्त सवतीचाच वाटतो? पोटच्या पोरीच्या बापाचाही वाटतो, आणि तो अधिक दाहक, कारण सांगायचा कुणाला?

परवा मात्र बाबा बहिणीकडे सायखेड्याला गेले होते आणि गाडी नवे ब्रेक लायनर घालून आली. खालून हाक आली, "आई, जरा ये ना, पेडल दाबायला कुणी नाहीये." कुणी नाही म्हणून आई! झोंबलंच मला. तरी अनवाणीच जिना उतरले. पेडल दाबलं तर ते लगेच अडलं. चाकही जड फिरत होतं. "घासतंय गं, मागचा नट थोडा सैल कर," मी म्हणाले. रेवा बघतच राहिली. "तुला गं कसं कळलं?" आता काय सांगू, की इतके रविवार वरून मी कान टवकारूनच उभी असते? ती पाना फिरवत गेली, मी दाबत गेले, आणि एकदाचं पेडल तळव्याखाली अलगद रिकामं गेलं आणि मग ब्रेकने चाक धरलं. तिचं डोकं माझ्या डोक्याला टेकलं होतं. कारखान्यातल्या एका मुलाबद्दल ती मला हळू आवाजात सांगत होती, आणि ते बाबांना अजून ठाऊक नव्हतं. काय सांगू, जीव कसा सुपाएवढा झाला माझा!

संध्याकाळी चहापुरत्या वर जाऊन आम्ही दोघी पुन्हा खालीच गप्पा मारत होतो, तेवढ्यात बाबा आले. पिशवी हातातच ठेवून गाडीपाशी वाकले. पेडल दाबलं, चाक फिरवलं, पुन्हा दाबलं. खोट सापडेना. "कुणाकडून करून घेतलंस?"

"आईने आणि मी केलं."

"अरे वा," ते म्हणाले, पण चेहरा उतरला. तो चेहरा मी ओळखते. आरशात पुष्कळदा पाहिलाय. शहाण्या बाईला अशा वेळी दया आली असती. मला नाही आली.

"अहो, चहा ठेवलाय ओट्यावर झाकून," मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतोच."