आईच्या पाठीला मानवेल अशी गाडी

आमच्या गल्लीतल्या गादीवाल्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: माणसाला जे मऊ लागतं, ते त्याच्या हिताचं नसतं. हे वाक्य ते गादी विकताना म्हणतात, जावयाच्या स्वभावाविषयी म्हणतात आणि घरी पाव शिळा निघाला तर समजूत घालायलाही म्हणतात. त्यांच्या बायकोच्या मते या वाक्यामुळे घरात आजवर एकही उशी धड आलेली नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे तयार गाद्या भिंतीला टेकवून उभ्या, शिक्षा झालेल्या मुलांसारख्या. मागे कापसाचे ढीग, काथ्या, हातभर लांब सुया. मधोमध एक पलंग, गिऱ्हाइकाला आडवं करण्यासाठी. आडवं केल्यावर "कशी वाटते?" असं मात्र ते कधी विचारत नाहीत. बूट काढून चारचौघांत झोपलेला माणूस लाजेपोटी "छान आहे" असंच म्हणणार, हा त्यांचा अनुभव. म्हणून ते भलतंच काहीतरी बोलत राहतात. छप्पर गळतं का, मोठा मुलगा काय करतो, मांजर परत आली का. नजर मात्र गिऱ्हाइकाच्या पावलांवर. पाठ निवली की पावलं आपोआप दोन बाजूंना कलतात. पावलं कलली की गादी विकली. पाठींचे डॉक्टरसुद्धा त्यांच्याकडून गाद्या नेतात, आणि त्यांचीही पावलं ते तशीच बघतात.

अशा माणसाच्या स्वतःच्या आईची पाठ दुखावी, हा नियतीचा आगाऊपणा म्हणायचा. आई न्हाणीघरात घसरल्या. हाड सांधलं, पण धक्का सोसायची ताकद गेली. तेव्हापासून घर, अंगण आणि शेजारणीचा ओटा एवढंच त्यांचं राज्य. खरा प्रश्न आला तो मावशींमुळे. मावशी म्हणजे आईंची धाकटी बहीण, डोंगरापलीकडच्या गावात एकटी राहणारी. तिच्या मुलीने तिला समुद्रापलीकडे स्वतःकडे कायमचं न्यायचं ठरवलं. जायची तारीख महिनाअखेरची. दोघी बहिणी रोज फोनवर बोलत आणि रोज भांडत, पण आईंचं त्यावर समाधान नव्हतं.

"फोनवर भांडण नीट होत नाही," त्या म्हणाल्या. "मधेच 'ऐकू येत नाही' म्हणून सुटते ती. समोर हवी. आणि एकदा का ती पाण्यापलीकडे गेली, की मग काय माझ्या फोटोशी भांडणार?"

बोलणं भांडणाचं होतं, डोळे वेगळंच सांगत होते. गादीवाल्यांनी डोंगर ओलांडून आईला बहिणीकडे न्यायचं कबूल केलं.

गाडी घरचीच होती. छोटी, विटकरी रंगाची, वयाने मानाची. तिच्यात बसलं की रस्त्यावरचा खडान् खडा ओळख करून द्यायचा. पुढच्या डाव्या चाकाखालून "टक्" असा आवाज यायचा, त्याला घरात 'पाहुणा' म्हणत. गादीवाले गाडी घेऊन मेहुण्याच्या गॅरेजात गेले.

मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. खिशात कायम एक पाना, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणतात. पानाने गाडी जॅकवर घेतली, खाली सरकला, आणि बराच वेळ तिथून फक्त "अरेरे" ऐकू येत राहिलं.

"दाजी, चारही शॉकअप मेलेत. पुढच्या दोघांचं तेल गळून गेलंय. बुशचं रबर म्हणजे नुसता भुगा. आणि तुमचा तो पाहुणा आहे ना, तो लिंक रॉड आहे. सुटायच्या बेतात आहे."

"आणि स्प्रिंगा?"

"थोड्या बसल्यात. पण त्यांचं काही एवढं नाही."

इथेच गादीवाल्यांचे कान टवकारले. शॉकअप, बुश, लिंक हे शब्द त्यांना परके होते. पण स्प्रिंग! स्प्रिंगेच्या बाबतीत कालच्या पोराने त्यांना शिकवावं? ते सरळ मांडणीपाशी गेले. प्रत्येक स्प्रिंग जमिनीवर उभी केली, तळहातांनी दाबली, दोन वेळा तर वर बसूनही पाहिलं. मग सामानाच्या गाड्यांसाठी ठेवलेली, दाबता दबेना अशी जोडी निवडली.

"ही घाल."

"दाजी, ही पोती वाहायला असते. काकूंचं वजन केवढं, पोत्याचं केवढं!"

"पाठीला आधार कडकच लागतो. तू गाड्या दुरुस्त कर, पाठी माझ्यावर सोड."

"बरं, शॉकअप तरी बदलू?"

"ते काय करतात?"

"स्प्रिंगेला थांबवतात."

"चांगल्या स्प्रिंगेला थांबवायचं कशाला?" गादीवाले म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. आयुष्यभर त्यांनी जी गादी दाबली ती एकदा वर आली आणि गप्प राहिली. वर येऊन पुन्हा खाली जाणारी आणि पुन्हा वर येणारी गादी त्यांनी पाहिली नव्हती.

पानाने बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, "घाल ते म्हणतात ती. तू सांगून पटणार नाही. बाकीचं स्पीडब्रेकर समजावून सांगेल."

आणि त्याने ते फार सविस्तर समजावलं. गल्ली संपते तिथे स्पीडब्रेकर आहे. पाठीशी दोन उशा, मांडीवर पिशवी अशा थाटात आई मागे बसल्या होत्या. गाडी चढली, उतरली, मग आपल्याच मनाने पुन्हा चढली, पुन्हा उतरली, आणि पानपट्टी ओलांडली तरी तिचं मान डोलावणं चालूच होतं. आईंचा हात दाराच्या वरच्या कडीला असा चिकटला होता, की बोटं पांढरी पडली होती.

"थांबव," त्या शेवटी म्हणाल्या. "मी चालत जाते. डोंगर ओलांडून."

त्या घरी परतल्या आणि आडव्या झाल्या. संध्याकाळी मावशींचा फोन आला, तेव्हा "मला नाही जमणार, तू जा सुखाने" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी भांडण झालं नाही. भांडण नाही म्हटल्यावर घरातले सगळे हादरले.

गादीवाले दुसऱ्या सकाळी गॅरेजात गेले आणि स्टुलावर बसले. पाठीविषयीचा त्यांचा शब्द आजवर कोणी मोडला नव्हता. तो आता त्यांच्याच गाडीने, त्यांच्याच आईसमोर मोडला होता. मेहुण्याने टोमणा मारायची ही नामी संधी होती, आणि ती त्याने सोडली नाही.

"या दाजी. पोती उतरवली का?"

"मार, अजून मार. पण आईला न्यायचंय रे. आठवडाही उरला नाही."

तेव्हा पानाने बोलणं थांबवून काम सुरू केलं. जुना शॉकअप काढून त्यांच्या हातात दिला. गादीवाल्यांनी दांडा दाबला, तो मुकाट आत गेला आणि तिथेच राहिला, ओशाळल्यासारखा. मग पानाने नवा दिला. हळू दाबला तर दांडा हळू सरकला. जोरात दाबला तर अडून बसला. त्यांनी पुन्हा हळू दाबला. पुन्हा जोरात. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते पानाने बहिणीच्या लग्नातही त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी जसा वागतो तसा हा वागतो!"

"त्याचं कामच ते."

"हे गादीत का घालत नाहीत?"

"घाला की," मागून आवाज आला. त्यांची बायको चहाची किटली घेऊन आली होती. "रात्री कूस बदलायला म्हणून दाबायचं, नि वळून होईस्तोवर सकाळ."

आता खरा पेच उभा राहिला. पानाच्या कपाटात कापडात गुंडाळलेला एक संच होता. पिवळे धमक शॉकअप, वर बोटाने फिरवायचा खटका, एका टोकाला मऊ, दुसऱ्या टोकाला कडक. शर्यतीच्या गाड्यांचा माल. लायक गाडी येईल म्हणून तो कितीतरी दिवस वाट पाहत होता, दर रविवारी पुसत होता. तो त्याने बाहेर काढला.

"दाजी, हे घालतो. सोबत खुजी स्प्रिंग, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली. बुशही कडक प्लॅस्टिकचे. वळणावर अशी चिकटेल ना..."

"सासूबाई शर्यतीला चालल्यात का रे पान्या?" बहिणीने विचारलं.

गादीवाल्यांनी ते प्लॅस्टिकचं बुश अंगठ्याने दाबलं. मग साधं रबराचं दाबलं. "हे," ते म्हणाले, आणि रबराचं पुढे केलं. "ते दुसरं ऐकून घेत नाही, उलट उत्तर देतं." पानाने प्लॅस्टिकचे बुश परत कपाटात ठेवले. या बाबतीत दाजी बरोबर होते आणि त्याला ते माहीत होतं. स्प्रिंगा कंपनीच्या मूळ मापाच्या, मऊ, ठरल्या. आणि शॉकअप? पाना त्या पिवळ्या संचाकडे बघत राहिला. पोटचं लेकरू दत्तक द्यावं तसं बघत राहिला.

"खटका पार मऊ टोकाला नेता येतो का?" गादीवाल्यांनी विचारलं.

"येतो. पण तसं कोणी करत नाही."

"आपण करू."

दुपार कामात गेली. मेहुण्याने स्प्रिंग शिकंज्यात आवळून धरली, दाजींनी नट फिरवले. बुशचे बोल्ट मात्र पानाने पूर्ण आवळले नाहीत. आधी गाडी चाकांवर उतरवली, बहिणीला आणि दाजींना आत बसवलं, गाडी आपल्या वजनाने बसू दिली, आणि मगच खाली शिरून बोल्ट करकचून ओढले. हवेत लटकत आवळलं तर रबर जन्मापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, असं त्याने खालूनच सांगितलं.

"अरे, आम्हीही टाके असेच घालतो!" गादीवाले आतून ओरडले. "कापूस बसल्यावर! आधी घातले तर गादी रुसते!" दोन धंद्यांची अशी सोयरीक जुळल्यावर दोघं अकारण एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. लग्नानंतर एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

आई पुन्हा गाडीत बसायला तयार होणं हे सगळ्यांत अवघड काम होतं. सुनेने ते केलं. ती म्हणाली, "नका येऊ. मावशींना मी सांगते, तुम्ही हरलात." पाच मिनिटांत आई मागच्या सीटवर होत्या.

पाना चाक धरून, गादीवाले शेजारी. त्यांनी आरसा स्वतःकडे वळवला. गाडीत पावलं दिसत नाहीत, म्हणून त्यांनी हात धरला, म्हणजे नजरेने. दाराच्या कडीला चिकटलेला तो हात.

"आई, छपराचे पत्रे आले का गं?"

"कसलं छप्पर? समोर बघ!" हात कडीवर.

"थांब रे पान्या." पाना उतरला, चारही खटके एकेक घर मऊ केले. पुन्हा तोच स्पीडब्रेकर. हात कडीवर, पण बोटांना रंग आला होता. पुन्हा उतरला. पानपट्टीवाला दुकान सोडून बाहेर येऊन उभा राहिला. पुन्हा तोच स्पीडब्रेकर.

"तुझ्या बायकोने चहात साखर कमी घालायचं खूळ कुठून आणलंय?" आई म्हणाल्या. "आणि तो पडदा. किती वेळा सांगितलं, तो पडदा धुवायला..." पडदा कसा होता हे दाखवायला त्यांना दोन्ही हात लागत होते. कडी मोकळी झाली. गाडी स्पीडब्रेकरवरून उतरून कधीच सरळ चालू लागली होती.

"बस," गादीवाले हलकेच म्हणाले. "इथेच." पानाने मान डोलावली. त्याच्या शर्यतीच्या शॉकअपांचा खटका जगातल्या सगळ्यांत मऊ घरावर होता, आणि तो जवळजवळ आनंदी दिसत होता.

डोंगराच्या रस्त्यात आईंनी साखर, पडदा, पानाचं अजून न झालेलं लग्न आणि नातवाचे केस असे विषय संपवले. सून शेजारी बसून "हो हो" म्हणत होती. खड्डे आले आणि गेले. उतारावर एकदा त्या गप्प झाल्या, तेव्हा पुढच्या दोघांनी श्वास धरला. आरशात पाहिलं तर त्यांना डुलकी लागली होती.

मावशींचं घर अर्धं रिकामं होतं. पेट्या बांधून दाराशी. पलंग, खुर्च्या, टेबल सगळं शेजाऱ्यांना वाटून झालेलं. मावशी दाराच्या चौकटीत उभ्या. आल्या त्या सरळ गाडीपाशी, दार उघडलं, आणि बहिणीकडे नुसत्या बघत राहिल्या.

"अक्का. तू आलीस कशी?"

"कशी म्हणजे? बसले नि आले."

"पण तुझी पाठ?"

"पाठीला काय धाड भरलीये? तू बारीक का झालीस?"

मावशींना आत बोलवायचं होतं, पण आत बसवायला काहीच नव्हतं. म्हणून त्याच आत शिरल्या, गाडीच्या मागच्या सीटवर. सून उतरून त्यांना जागा देऊन गेली. दोघींनी एकमेकींचे हात धरले, थोडं रडून घेतलं, आणि लगेच मुद्द्यावर आल्या. आईची जुनी शाल कोणी नेली, शाळेत कोणाचं नाव आधी पुकारलं गेलं, वडील कोणाला जास्त मानत. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून काचा वर केल्या. हातवारे दिसत होते. मध्येच दोघीही हसायच्या आणि पुन्हा भिडायच्या. गादीवाले हातात चहाचे कप घेऊन काचेबाहेर उभे होते. काच उघडायची कोणाला आठवण नव्हती.

शेवटी मावशींनी काच खाली केली. चहा घेतला नाहीच.

"अरे, गाडी चालू कर," त्या भाच्याला म्हणाल्या. "गावातून फिरव आम्हाला. माझी अक्का आलीय, सगळ्यांना दिसू दे."

गादीवाले कप मेहुण्याच्या हातात देऊन चाकाशी बसले. पाना आणि त्याची बहीण दारात राहिली, आणि घरात बसायला काही नसल्याने दोघं पायरीवर बसली. पहिल्यांदा गाडी समोरून गेली तेव्हा दोघांनी हात केला. मागच्या सीटवरून कोणी पाहिलं नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा दोघांनी हात करायचं सोडून गार झालेला चहा वाटून घेतला.