‘फॉर्टी-सेव्हन’ची टाळी

स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते. माणिकपूरच्या शाळेत बाई इंग्रजी आकडे तोडून म्हणायला लावत: ‘फॉर्टी-सेव्हन’चे चार तुकडे, ‘से’वर टाळी, उरलेल्यांना बाकावर बोटाचा हलका ठोका. मला तो ताल सापडेना. बाकावरच्या माझ्या सोबतिणीने, पाचूबंदरच्या कोळ्यांच्या मुलीने, टोपलीत बोंबील मोजण्याच्या लयीत तो मला शिकवला. तिच्या तळव्यांना सुक्या मासळीचा वास होता.

“कोणी गं शिकवलं?” बाईंनी मला विचारले.

“माझं मीच, बाई.”

शेजारी सोबतीण पाटी पुसत राहिली. त्यामुळे शाळा-तपासणीच्या दिवशी तपासनिसांपुढे मलाच उभे केले गेले, आणि मी अडखळले. मागून बाकावर तिचे बोट वाजले: दोन हलके ठोके, एक जड, एक हलका. मी आकडा म्हटला, शाबासकी घेतली. मागे वळून पाहायला मला तोंड नव्हते.