एवाझिओचे आठ ग्लास

एवाझिओ स्कालिओत्ती कुठल्याही भांड्यात काही ओतण्याआधी ते रिकामं भांडं नाकाशी नेतो. मग तो कॉफीचा कप असो, दुधाचं पातेलं असो, नाहीतर चर्चमधली फुलं ठेवायची बरणी. चौथीत मी त्याला शिकवायचे तेव्हा नवं पुस्तक हातात आलं की तो आधी हुंगायचा आणि मगच उघडायचा. आज तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि उत्तर इटलीतल्या आमच्या मोंतेरावा गावच्या सहकारी संस्थेचं वाइनचं तळघर गेली चौतीस वर्षं सांभाळतो आहे. बोलणं कमी. या वाइनला गुलाबाचा वास, त्या वाइनला चेरीचा, असलं काही त्याच्या तोंडून कधी येत नाही. "ही बरी आहे," नाहीतर "ही अजून झोपलीय." बस्स, एवढंच. लग्न केलं नाही. पाहुण्यांना वाइन चाखवण्यासाठी संस्थेचं एक दालन आहे, त्याच्या वरच्या दोन खोल्यांत तो राहतो.

त्या खोल्या जाणार होत्या. जानेवारीच्या सभेत ठरलं, की दालनात कुणी फिरकत नाही, तर या वर्षी निदान एक सहल तरी यायला हवी. नाही आली तर दालन वरच्या खोल्यांसकट विकून टाकायचं. मुदत मार्टिन संताच्या दिवसाची, अकरा नोव्हेंबरची. आमच्या टेकड्यांवर कुळं आणि भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या त्याच दिवशी सामान गाड्यावर लादून घर सोडत आले. कुणाचं बिऱ्हाड हललं की अजूनही "त्याने मार्टिन केला" म्हणतात. एवाझिओच्या आजोबांनी तीनदा केला होता. एवाझिओ सभेत शेवटच्या रांगेत बसला होता. ठराव वाचून झाल्यावर त्याने खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि गेला.

मार्चमध्ये मार्झिया ब्रुनेल्लींचं पत्र आलं. मोदेनाच्या एका वाइनप्रेमी मंडळाच्या सहली त्या आखतात. ऑक्टोबरात चाळीस माणसं दोन दिवसांसाठी आमच्या भागात आणणार होत्या आणि कुठे थांबायचं ते ठरवायला एका दिवसात चार ठिकाणं पाहणार होत्या. आमची वेळ साडेदहाची होती, पुढच्या ठिकाणची साडेअकराची.

त्या सकाळी मीही दालनात होते. बाटल्यांपुढे ठेवायच्या नावांच्या पट्ट्या संस्था अजून माझ्याकडूनच लिहून घेते. चार वाइन चाखवायच्या होत्या, म्हणून टेबलावर आठ ग्लास मांडले होते, मार्झियाबाईंसाठी चार आणि चेअरमन सेकोंदो ओद्दोनेसाठी चार. ओतणाऱ्याने स्वतः प्यायचं नाही, हा एवाझिओचा नियम.

पाहुण्यांपुढे कोरडा ग्लास ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. आधी ग्लास वाइननेच ओला करतात. पहिल्या ग्लासात थोडी वाइन घ्यायची, गोल फिरवून ती दुसऱ्यात ओतायची, तिथून तिसऱ्यात, असं करत शेवटच्या ग्लासातली फेकून द्यायची. कपाटाचा, फडक्याचा वास त्याने जातो. हे एवाझिओ वडिलांकडून शिकला.

त्याने त्यासाठी एक बाटली उघडली. बूच नाकाशी नेणार तोच सेकोंदो रस्त्यावरून ओरडत आत आला.

"अरे, आली! वीस मिनिटं आधी आली! चर्चच्या वळणावर आहे गाडी!"

"येऊ दे की."

"येऊ दे काय? ग्लास कोरडे आहेत अजून! तुझं हे हुंगणं पुढच्या जन्मी कर, आत्ता हात चालव!"

एवाझिओने बूच खिशात टाकलं आणि भराभर आठही ग्लास ओले केले. शेवटच्या ग्लासातली वाइन मोरीत ओतली, तेवढ्यात दार उघडलं.

मार्झियाबाई उंच. चष्मा गळ्यात साखळीला. त्यांनी कोट काढायच्या आधी नकाशा उघडला. त्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या.

"बस वळणार कुठे?"

"चर्चसमोर," सेकोंदो म्हणाला.

"रविवारी चर्चसमोर गाड्या असतात."

"आमचे पाद्रीबुवा बोलण्यात आळशी आहेत सिन्योरा, प्रवचन लवकर आटपतात."

बाई हसल्या नाहीत. स्वच्छतागृहं किती, सावली आहे का, तळघराला पायऱ्या किती, सगळं विचारून लिहून घेतलं आणि मग बसल्या.

एवाझिओने पहिली ग्रिन्योलिनो ओतली. आमच्या टेकड्यांची ती खास वाइन, रंगाने फिकी. बाईंनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट तोंडात घोळवून, चाखणारे करतात तसा, शेजारच्या बादलीत टाकला. वहीत एकच शब्द लिहिला. दुसरी फ्रेइझा. या खेपेला काही लिहिलं नाही, नुसतं ग्लासाकडे पाहिलं. तिसरी बार्बेरा. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"चेअरमन, तुमची पिंपं जुनी आहेत का?"

"जुनी? माझ्या वडिलांच्या वेळची!" सेकोंदोने छाती काढली.

"तिन्हींना एकच वास येतोय, म्हणून विचारलं."

"आमच्या मातीचा वास आहे तो. दुसरीकडे शोधून मिळायचा नाही!"

"खरंय. दुसरीकडे नाही मिळाला मला," त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

भिंतीशी उभा असलेला एवाझिओ पुढे आला. "क्षमा करा," म्हणून त्याने बाईंचा ग्लास उचलून हुंगला. मग दुसरा. मग सेकोंदोचा. त्याचे कान लाल झाले. चौथीतसुद्धा आधी कानच लाल व्हायचे. तो मोरीपाशी गेला, सकाळची बाटली नाकाशी धरली आणि आमच्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला.

सेकोंदोला वाटलं, वेळ निघून चालली आहे. "एवाझिओ, चौथी ओत. गोड आहे, सिन्योरांना आवडेल."

"नाही ओतणार."

"काय?"

"वाइन चांगली आहे," एवाझिओ बाटली घेऊन टेबलाशी येत बाईंना म्हणाला. "ग्लास मी बिघडवले. या बाटलीचं बूच सडकं होतं. हिनेच मी आठही ओले केले."

सेकोंदोने टेबलाखालून त्याच्या नडगीवर पाय मारला. मला दिसला, बाईंनाही दिसला असावा.

"असं सगळेच सांगतात," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात एकाने धुक्यावर ढकललं होतं."

एवाझिओने बाटली त्यांच्यापुढे केली. त्यांनी वास घेतला आणि तोंड बाजूला केलं. तो वास मलाही आला. पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा.

"बूच काढल्यावर तुम्ही वास घेत नाही?"

"रोज घेतो. आज घेतला नाही."

"का?"

सेकोंदो आढ्याकडे पाहत होता. एवाझिओने त्याच्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. "घाई केली," म्हणाला.

बाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. पुढचं ठिकाण पंधरा मिनिटांवर.

"दुसरे ग्लास आहेत?"

"हे धुऊन देतो ना लगेच," सेकोंदो उठला.

"मग फडक्याचा वास येईल," एवाझिओ म्हणाला. "दुसरे बारा चर्चने जेवणावळीला नेलेत." आणि एकदम जिन्याकडे पळाला.

डोक्यावर त्याची पावलं वाजत होती. कपाटाचं दार उघडलं, काहीतरी पडलं. बाईंनी नकाशाची घडी घातली. कोट चढवला. सेकोंदो माझ्याकडे वाकून पुटपुटला, "बाई, तुमच्या विद्यार्थ्याने आज बुडवलं बघा."

"तुम्हीही माझेच विद्यार्थी, सेकोंदो," मी म्हटलं. "आणि तुम्ही धूम्रपान सोडलं असतं तर तुम्हाला पहिल्याच घोटाला कळलं असतं."

एवाझिओ खाली आला तो छातीशी चार ग्लास धरून. जाड बुडाचे, बुटके, रोज जेवताना पाणी प्यायचे. दोन एका जातीचे, दोन दुसऱ्या. बाई कोटाची बटणं लावत दारापर्यंत गेल्या होत्या. एवढी घाई असूनही त्याने प्रत्येक रिकामा ग्लास नाकाशी नेला. चारही. मग चौथ्या बाटलीचं बूच काढलं, तेही हुंगलं, आणि चारही वाइन ओतल्या.

बाईंनी उभ्याउभ्याच पहिला ग्लास घेतला. वास घेतला. पुन्हा घेतला. या खेपेला घोट बादलीत टाकला नाही. मग खुर्ची ओढून कोटासकट बसल्या आणि उरलेल्या तिन्ही चाखल्या. आम्ही तिघं त्यांच्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहत होतो. ती हलत नव्हती.

"ही ग्रिन्योलिनो तुम्हाला कशी वाटते?" त्यांनी एवाझिओला विचारलं.

"बरी आहे."

"एवढंच?"

"बरी म्हणजे बरी, सिन्योरा. वाईट असती तर तुम्हाला दिली नसती. म्हणजे आज दिली, पण..."

"तळघर दाखवा," त्या उठत म्हणाल्या.

मऊ दगडात कोरलेलं ते तळघर दालनाखाली आहे. तेवीस पायऱ्या, अरुंद, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. बाई भिंतीला हात लावत उतरल्या, तशाच चढल्या. वर आल्या तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. त्यांनी नकाशा पुन्हा टेबलावर पसरला.

"खरं सांगते, दोन ठिकाणं मी मोदेनालाच ठरवली होती. इथे आले ते यादी पुरी करायला." त्यांनी पेन्सिलीने दोन ठिपक्यांमधली रेघ खोडली आणि मोंतेरावावरून वळवून नवी काढली. "ऑक्टोबरचा दुसरा रविवार, अकरा ते साडेबारा. पण पायऱ्यांना कठडा हवा. माझी निम्मी माणसं सत्तरीची आहेत. कठडा नसला तर बस इथे थांबणार नाही."

"लावतो," एवाझिओ म्हणाला.

"आणि त्या दिवशी असली एखादी सडकी बाटली सापडली तर फेकू नका. चाळीस जणांना एकदा हा वास कळू दे. बिचारे हाच मातीचा वास समजून पैसे देतात."

सेकोंदोला ठसका लागला. बाईंनी दालनाच्या वहीत तारीख लिहून खाली सही केली आणि गेल्या.

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मग सेकोंदो खुर्चीत बसला, खिशातून सिगारेट काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली.

"आता कठड्याला समितीची मंजुरी लागणार," तो म्हणाला. "पुढची बैठक मे महिन्यात. एवाझिओ, ऐकतोयस ना? मंजुरीशिवाय एक खिळासुद्धा..."

एवाझिओ तिथे नव्हता. तळघराच्या दारातून मोजपट्टी ओढल्याचा आवाज येत होता, आणि त्याचा आकडे मोजत खाली खाली जाणारा आवाज. अकराव्या पायरीवर थांबला.

"बाई!" त्याने खालून हाक मारली. "ही एक जास्त रुंद आहे. लिहून घेता का?"

मी एक कोरी पट्टी ओढली आणि लिहायला घेतलं.