पाचव्या चौकोनाचा गुलाबी

"यातला चौथा कुठला आणि पाचवा कुठला, सांग बरं मला," वानखेडे मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी प्रूफ माझ्यापुढे सरकवलं.

मी बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. एका ओळीत सहा गुलाबी चौकोन, फिक्यापासून गडदपर्यंत. पहिले तीन वेगवेगळे. पुढचे तीन जणू तिळे.

मॅडमसमोर काचेच्या सहा नळ्यांचा स्टँड होता, प्रत्येक नळीत गुलाबी पाणी. मॅडम मूळच्या नागपूरच्या. पुण्यात रसायनशास्त्र शिकवून रिटायर झाल्या आणि आता शहराच्या कडेच्या गावांमधल्या बायकांना विहिरीचं, बोअरचं पाणी तपासायला शिकवतात. पाण्यात औषध टाकायचं, पाणी गुलाबी होतं, तो रंग आम्ही छापणार होतो त्या कार्डावरच्या चौकोनांशी जुळवायचा. खतांतून, सांडपाण्यातून झिरपणारं नायट्रेट जितकं जास्त, तितका गुलाबी गडद. चौथ्या चौकोनाखाली लिहिलंय, 'लक्ष ठेवा'. पाचव्याखाली, 'हे पाणी बाळाला देऊ नका'. इतक्या नायट्रेटने तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू नेईनासं होतं आणि बाळ निळं पडतं.

आणि आमच्या प्रूफवर चौथा-पाचवा एकच होते.

मी वारज्यातल्या एका प्रेसमध्ये प्रूफ काढते. प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना. मोठं मशीन सुरू करण्याआधी आम्ही एका चांगल्या इंकजेट प्रिंटरवर एक प्रत काढतो. गिऱ्हाईक त्यावर सही करतं आणि मशीनवरचा माणूस त्या सहीच्या कागदाबरहुकूम रंग लावतो. थोडक्यात, प्रूफ म्हणजे प्रेसने दिलेला शब्द. तो शब्द मी त्या सकाळी दिला होता आणि मॅडमनी तो माझ्या तोंडावर परत आणून टाकला होता.

"मॅडम, काळजी नको," आमचे मालक साठे सर म्हणाले. "पाचवा जरा गडद करून देतो. दोन मिनिटांचं काम."

"होतं का तसं?" मॅडमनी मला विचारलं.

"नाही होत," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे बघितलं. कॉलेजात असताना मी टेकडीवरच्या बांधकामाविरुद्ध पत्रकं लिहायचे, कोथरूडच्या सिग्नलला उभी राहून वाटायचे. हे सरांना माहीत आहे आणि ते मला विसरू देत नाहीत.

"झालं सुरू. आता एखादी घोषणा पण दे."

"सर, फाइल बरोबर आहे. प्रूफ खोटं बोलतंय."

"प्रूफ कोणी काढलं?"

"मी."

"मग?"

"मग मी खोटं बोलले. ते दुरुस्त करायचंय. फाइल बिघडवायची नाही."

फाइल बरोबर आहे हे मी हवेत बोलत नव्हते. महिन्याभरापूर्वी आमच्याच मशीनवर, याच जाड, गुळगुळीत आर्ट कार्डवर, आम्ही शेकडो गुलाबी छटांचा तक्ता छापला होता. मॅडमनी एकेक नळी त्यावर धरून सहा छटा निवडल्या होत्या. तो तक्ता मी कपाटातून काढला आणि प्रूफशेजारी ठेवला. तक्त्यावर चौथा आणि पाचवा ढळढळीत वेगळे होते. म्हणजे मशीन हे रंग छापू शकत होतं. आमचा प्रूफ प्रिंटर दाखवू शकत नव्हता.

"पण सकाळी कॅलिब्रेशन पास झालंय ना?" सर म्हणाले. "हिरवी टिक आलीय. मी स्वतः बघितली."

ती हिरवी टिक! प्रेसमध्ये तिला देवासारखं मानतात. टिक आली की कोणी पुढे काही विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, म्हणून हा सगळा प्रकार.

मी प्रिंटरचं झाकण उघडलं. आतला रोल आदल्या आठवड्यात नवा आला होता, नेहमीचाच समजून मी तो चढवला होता. कागद हाताला कोरडा, खडूसारखा लागला.

"सर, हा रोल कुठला?"

"तोच आहे. सप्लायर म्हणाला, तसाच आहे."

"तसाच की तोच?"

सरांनी रोलची कडा चाचपली. मग म्हणाले, "जरा स्वस्त पडला."

आता कॅलिब्रेशन म्हणजे काय, ते सांगते. प्रत्येक कागद शाई वेगळी पितो. म्हणून नवा कागद आला की प्रिंटरला शिकवावं लागतं, की याच्यावर एवढीच शाई टाक, आणि रोज तेवढीच टाक. ते मी केलं होतं. टिक तेवढ्याचीच होती. प्रिंटर रोज एकसारखा वागेल, एवढीच हमी. पण त्या कागदावर गडदातला गडद गुलाबी मुळात उमटू शकतो का? हा प्रश्न वेगळा. प्रिंटर, शाई आणि कागद मिळून जेवढे रंग दाखवू शकतात, त्या सगळ्याला गॅमट म्हणतात. प्रूफ प्रिंटरचा गॅमट छपाई मशीनच्या गॅमटपेक्षा मोठा हवा. नसला तर बाहेरचे रंग तो ओढून स्वतःच्या हद्दीवर आणून बसवतो. तीन वेगळे गुलाबी हद्दीबाहेर असले, तर तिघेही एकाच जागी येऊन बसतात. कोणी ओरडत नाही. स्क्रीनवर सूचना येत नाही.

आणि हे तपासायला जेमतेम दीड तास लागतो. मी तो वाचवला होता.

"तीनला मशीन मिळणार आहे," सर म्हणाले. "नंतर शाळांच्या डायऱ्या चढल्या की आठवडा गेला."

"माझं शिबिर रविवारी आहे हो," मॅडम म्हणाल्या. "अकरा गावच्या बायका येणार. रिकाम्या हाताने काय शिकवू त्यांना?"

घड्याळात साडेदहा झाले होते.

मी नव्या कागदावर रंगांचा चाचणी तक्ता छापला. वाळू दिला. मग स्पेक्ट्रो घेतला. हे रंग मोजायचं यंत्र, हातात मावेल एवढं. ओळीमागून ओळ त्यावरून फिरवली. मॅडम शेजारी स्टूल ओढून बसल्या, जणू परीक्षेला पर्यवेक्षक. आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकले. स्क्रीनवर दोन आकार आले, एकात एक. जाळीचा आकार आमच्या छपाई मशीनचा. भरीव आकार प्रूफच्या नव्या कागदाचा. जाळी पूर्ण आत दिसायला हवी होती.

मी आकार फिरवला. निळ्याकडे ठीक. हिरव्याकडे ठीक. गुलाबीकडे वळवला आणि मी खुर्चीतून उठलेच.

"हे बघा! हे बघा, मॅडम!"

गुलाबीच्या कोपऱ्यात जाळी सरळ बाहेर आली होती. मंडईतून येताना पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर लोंबतो, तशी. मी आमच्या सहा चौकोनांचे ठिपके टाकले. तीन आत. चौथा, पाचवा, सहावा बाहेर! चोर असा रंगेहाथ सापडलेला मी आयुष्यात बघितला नव्हता.

"अगं, म्हणजे हा कागदच नालायक," मॅडम म्हणाल्या.

"नालायक नाही," सर पुटपुटले. "लग्नपत्रिकांना चालतो."

"सर, लग्नपत्रिका चुकली तर कोणाचं बाळ निळं पडत नाही."

हे मी जरा जोरात बोलले. मशीनवरचे शिंदेकाका आत डोकावले. "काय झालं गं? कागद पाहिजे का जुना?"

"आहे?"

"फेकू देतो होय मी? कंप्रेसरमागं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय. चार-पाच मीटर असंल."

मी त्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले.

जुना रोल चढवला. आणि यावेळी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. पुन्हा कॅलिब्रेशन, पुन्हा तक्ता, पुन्हा स्पेक्ट्रो. "हा तर चांगला आहे ना, मग कशाला?" सर घड्याळाकडे बघत म्हणाले. मी पुढची ओळ मोजली. आकार आला. गुलाबीकडे वळवला. जाळी आत! सहाच्या सहा ठिपके आत!

अडीचला नवं प्रूफ निघालं. ते थोडं वाळल्यावर मॅडमनी एकेक नळी चौकोनापुढे धरली. चौथ्याला चौथी. पाचव्याला पाचवी. मग त्यांनी खात्री म्हणून पाचवी नळी चौथ्यापुढे धरली आणि मान हलवली. "नाही जुळत. छान." कोणी काही जुळत नाही म्हणाल्यावर इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मॅडमनी सही केली.

शिंदेकाकांनी पहिली छापील कार्डं घेतली आणि सवयीप्रमाणे गेटबाहेर उन्हात नेऊन बघितली. आमच्याकडे रंग बघायचा खास दिव्यांचा बूथ आहे. काकांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. "बायका काय बूथ घेऊन विहिरीवर जाणारेत?" ते म्हणाले.

एक काम मात्र राहिलं होतं. त्या नव्या रोलवर आधीच्या आठवड्यात आणखी दोन गिऱ्हाइकांची प्रूफं गेली होती.

"त्यांना फोन करायला हवा," मी म्हणाले.

"त्यांनी तक्रार केलीय का?"

"त्यांच्याकडे नळ्या नाहीत, सर."

सरांनी डायरीतून दोन्ही नंबर काढले. मग फोन माझ्याकडे सरकवला. "तूच कर. तुला लोकांना सांगायची हौस आहे."

केले. एकाने फोन ठेवला, दुसऱ्याने नवं प्रूफ मागवलं.

रविवारी मी शिबिराला गेले. शाळेच्या व्हरांड्यात बायका बाटल्यांमधून पाणी घेऊन आल्या होत्या. एक माझ्याच वयाची, कडेवर तान्हं बाळ. तिने घरच्या बोअरच्या पाण्यात औषध टाकलं. रंग चढला. तिने नळी कार्डापुढे धरली. चौथ्यावर नेली, थांबली, पाचव्यावर नेली.

"ह्यो हाय," ती म्हणाली. पाचवा.

"नीट बघ," मॅडम म्हणाल्या.

"बघितलं की. ह्यो चौथा न्हाय. येगळा दिसतोय." तिने खालची ओळ बोट ठेवून वाचली आणि शेजारणीला विचारलं, "तुमच्या नळाचं हंडाभर पाणी दिशील का गं रोज, पोराला?"

शेजारीण 'ने की' म्हणाली.

सोमवारी प्रेसमध्ये प्रूफच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला होता. 'नवा कागद आल्यास गॅमट तपासला का? कोणी?' मी मनातल्या मनात सरांना शंभर गुण दिले. मग नीट वाचलं. 'कोणी?' पुढे सही करायची जागाच नव्हती. सरांनी तिथे माझं नाव छापूनच घेतलं होतं, पाचशे फॉर्मवर.