आईचं बिनउन्हाळ्याचं वर्ष

अमेरिकेत, ईडन प्रेरीत मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की घरामागच्या डेकच्या ओल्या लाकडाचा वास घरात येतो आणि आई निघाली तो दिवस आठवतो. माझ्या बाळंतपणासाठी आलेली आई अख्खा हिवाळा घरात कोंडून होती. आता धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी ती मेलबर्नला चालली होती. तिने जाड कोट कपाटातच ठेवलेला पाहून मी म्हटलं, "कोट घे, आई. आज दोन्हीकडे दिवस-रात्र सारखे आहेत. उद्यापासून आमचा दिवस वाढणार आणि तिकडचा लहान होणार. तिकडे आता थंडी येईल."

"म्हणजे एक हिवाळा संपवून दुसऱ्या हिवाळ्यात? कारट्यांनो, एकीने तरी उन्हाळ्यात बाळंत व्हायचं!"

ती हसली, पण डोळे भरले. तेव्हा मला ते नाटक वाटलं. आज तिच्या वयाला पोचल्यावर माझेही गुडघे ऊन मागतात.

त्या दिवशी नातीला घेऊन ती डेकवर खुर्चीत बसली. "एवढं ऊन घेऊ दे गं, मग निघू."

विमानाला वेळ होता. घराची सावली तिच्या पायांशी आली, तशी मी तिला उठवलं आणि खुर्ची पुढे उन्हात ओढली.