कोंबड्यांनी खाल्लेलं कुंपण

"कोनी खादं? मन्हं बी कोनी खादं रे?"

आई घराच्या मातीच्या सपाट छतावर, धाब्यावर, उभी राहून ओरडत होती. सुरतेहून माझ्या बहिणीचं बाळंतपण आटोपून ती सव्वा महिन्यानं घरी आली होती. पिशवी अजून खांद्यावरच होती, पाणीसुद्धा प्यायली नव्हती. माझ्या आईचा आवाज असा, की ती आमच्या खळ्यावरून ओरडली तर तापीच्या पलीकडच्या काठावर बसलेली गुरं उठून उभी राहतात. मी तर शिडीच्या पायथ्याशीच होतो. मी उठून उभा राहिलो नाही, मी बसलो.

बी म्हणजे मिरचीचं बी. नंदुरबारकडे मिरची कोणाकडे नसते? पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, ती इतकी पसरलेली असते की वरून जाणारा ढगसुद्धा शिंकून पुढे सरकतो. पण ही मिरची त्यातली नव्हे. आईनं लग्नात माहेराहून, खापरच्या बाजूच्या गावातून, लुगड्याच्या गाठीत बांधून आणलेलं हे बी. दरवर्षी सगळ्या वावरातून ती शे-दीडशे मिरच्या स्वतः निवडायची, चिरून वाळवायची आणि बी मडक्यात राखेत ठेवायची. दुकानातल्या पाकिटाला तिनं कधी हात लावला नाही. "पाकीटनं बी पुढला वरीसले बापनं नाव इसरी जास," असं तिचं म्हणणं.

जाताना चिरलेल्या मिरच्या तिनं माझ्या स्वाधीन केल्या होत्या. एकच काम सांगितलं होतं, राखण कर.

आता राखण न करण्यामागे माझं शास्त्र होतं. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की मिरचीला राखण लागत नाही. गुरं तोंड लावत नाहीत, उंदीर फिरकत नाही, माकड एकदा चाखतं आणि सात पिढ्यांना सांगून ठेवतं. म्हणून मी अक्कल चालवली. धाब्यावर ज्वारीही वाळत घालायची होती. मी ज्वारी मधे पसरली आणि तिच्याभोवती आईच्या चिरलेल्या मिरच्यांचं गोल कुंपण घातलं. एका दगडात दोन पक्षी! मिरची वाळेल आणि ज्वारीला कोणी शिवणार नाही. स्वतःवर खूश होऊन मी खाली उतरलो तो आई परत येईपर्यंत वर चढलोच नाही.

कुंपणच शेत खातं, हे मी ऐकून होतो. आमच्याकडे कोणीतरी कुंपण खाऊन मग शेताकडे वळलं होतं. वर आता उरली होती मिरच्यांची देठं आणि ज्वारीची दीड मूठ.

"बकरीनं खाल्लं असणार," मी खालून म्हणालो.

बकरी आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराच्या बायकोची. नवराबायको मोलगीकडचे, खळ्याच्या कोपऱ्यावर त्यांचं झोपडं. ती घरी पावरी बोली बोलते, माझ्याशी मात्र शाळेतली मराठी बोलते आणि माझ्यापेक्षा बरी बोलते. बकरीचं नाव निघताच ती बाहेर आली.

"गुरजी, बकरी शिडी चढली का?"

"बकरी काय, झाडावर चढते."

"मग तिलाच विचारा."

विचारलं. विज्ञान म्हणजे प्रयोग. बकरीचं तोंड उघडून पाहिलं, तर वरच्या जबड्याला पुढं एकही दात नाही. मी दचकलो, कोणी सालदारणीच्या गळ्यात म्हातारी बकरी मारली की काय! मग आठवलं, गाय, म्हैस, बकरी, मेंढी, रवंथ करणाऱ्या साऱ्या या मंडळींना वर पुढचे दात नसतातच, नुसती टणक हिरडी असते. खालचे दात त्यावर दाबायचे आणि पाला तोडायचा. हे मी वर्गात वीस वेळा शिकवलं होतं, पाहिलं आज. मग लाल मिरची तिच्या नाकाखाली धरली. बकरीनं हुंगलं, वरचा ओठ दुमडला आणि माझ्या तोंडावर अशी शिंकली की चष्मा गोठ्यात जाऊन पडला.

"सुटली," सालदारीण म्हणाली.

म्हशीवर संशय घ्यायचा प्रश्न नव्हता. म्हैस धाब्यावर चढली असती तर धाबं आणि म्हैस दोन्ही खाली, माझ्या खोलीत सापडली असती. तरी आईनं तिच्याही शेणात काठी घालून पाहिलं. "म्हैस काई चावत नही, आधी गिळस, मंग बशीसन चावस," ती म्हणाली. चार कप्प्यांच्या पोटाचा धडा मी दोन तासिका घेऊन शिकवतो, आईनं तो शेण ढवळता ढवळता संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालदारीण एक वाटी घेऊन आली. वाटीत फोडलेलं अंडं. आमच्या घरात अंडं चालत नाही, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"गुरजी, बघा."

बलक पिवळा नव्हता. मावळतीला सातपुड्यामागे जाणारा सूर्य कोणीतरी वाटीत पकडून ठेवला होता.

"चार-पाच दिवस झाले, असंच निघतंय," ती म्हणाली. "मला वाटलं, कोंबडीला काही झालं."

कोंबडीला काही झालं नव्हतं. कोंबडीनं मिरची खाल्ली होती. आठवड्यापूर्वी भिंतीला टेकवून ठेवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या भाऱ्यावरून एकेक पायरी चढत तिच्या नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा रोज धाब्यावर जेवायला जात होते, आणि मिरचीचा रंग सरळ बलकात उतरत होता. मी लगेच एक सुकी मिरची चिरून कोंबड्यापुढे टाकली. त्यानं ती शेंगदाण्यासारखी गिळली, मान तिरकी केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणतोय, मास्तर, पंगतीत दुसऱ्यांदा वाढत नाहीत का? त्याच मिरचीचा तुकडा मी जिभेवर ठेवला. नंतरची पंधरा मिनिटं मला आठवत नाहीत. म्हशीच्या हौदात माझं डोकं होतं, असं सांगतात.

मग मी पुस्तकं काढली. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही. आपल्या तोंडात ज्या ठिकाणी ती आग लागते, ते ठिकाण त्यांच्या तोंडात आहे, पण मिरची तिथं काडी पेटवू शकत नाही. आणि यात मिरचीचा डाव आहे. दाढा असलेलं जनावर बी चावून टाकतं, म्हणून त्याला चटका. पक्ष्याला दात नाहीत, तो बी गिळतो आणि दूर नेऊन टाकतो, म्हणून त्याला मेजवानी. वा रे मिरची! मला क्षणभर आनंद झाला. बी गेलेलं नाही, बी फक्त प्रवासाला निघालंय.

"कोंबडीचं पोट फाडलं तर?" मी सालदारणीला विचारलं.

"आधी तुमचं फाडू, गुरजी. परवाची भाकर निघाली तर कोंबडीचं बघू."

आई ओट्यावर बसून ऐकत होती. ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "रोप टाकाना टाईम व्हई तवर बी नही भेटनं," ती हळू म्हणाली, "ते ती मिरची सरनी." सरली म्हणजे संपली. तिच्या माहेरचं आता त्या गावात कोणीच राहत नाही, आणि गावात बाकी सगळे पाकिटातलं बी लावतात. हे मला माहीत होतं, पण ते त्या क्षणी कळलं.

मी उभा राहिलो आणि खळ्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, आईची मिरची परत वावरात उभी राहीपर्यंत मी मिरचीला तोंड लावणार नाही. ओली नाही, सुकी नाही, फोडणीतली नाही, ठेच्यातली तर नाहीच. आमच्या जिल्ह्यात हे किती मोठं बोलणं आहे, हे बाहेरच्याला कळणार नाही. माणूस अन्न सोडेल, पण मिरची? बायकोनं दोनदा विचारलं, ताप आहे का.

दुसऱ्या दिवसापासून मी खुराड्यात. कोंबड्यांच्या पोटात शिरायचं नाही म्हटल्यावर पोटातून बाहेर पडलेलं तरी गोळा करायला हवं होतं. खुराड्याच्या तळाशी सगळी साठवण तशीच होती. जुन्या उलथन्यानं ती खरवडली. शाळेतले सहकारी येऊन पाहून गेले. एकजण म्हणाला, "सर, जनगणनेचं काम आलंय का? कोंबड्यांची?" मी खरवडतच राहिलो. विष्ठा धुतली, गाळली, पुन्हा धुतली. पिवळसर चपट्या दाण्यांची अर्धी मूठ हाती लागली. बाकीचं कोंबड्यांच्या पोटातल्या जात्यानं दळलं होतं. कोंबडीला दात नाहीत, म्हणून ती खडे गिळते आणि ते खडेच पोटात दाणे रगडतात. मिरचीच्या डावावर कोंबडीचा हा उलटा डाव.

अर्धी मूठ तर अर्धी मूठ. आठ ताटल्यांत माती भरली, पेरलं, पाणी घातलं. रोज सकाळी ताटल्यांसमोर उकिडवा बसायचो. दहा दिवस, पंधरा दिवस, वीस दिवस. काहीही नाही. त्या मातीत एवढी शांतता होती की मुंगीचं चालणं ऐकू यावं.

सालदारीण एकदा येऊन थांबली.

"धुतलं कशानं, गुरजी?"

"उकळत्या पाण्यानं. कोंबडीच्या विष्ठेत जंतू असतात."

तिनं एका ताटलीतली माती बोटानं उकरली.

"मरतात का त्यात जंतू?"

"सगळे."

"मग बी काय जंतूपेक्षा जबर आहे?"

मी आठही ताटल्या उकिरड्यावर रिकाम्या केल्या. खुराडं आता लख्ख होतं, तिथं परत काही मिळणार नव्हतं. त्या संध्याकाळी वरणात बायकोनं सवयीनं मिरची टाकली होती. मी वाटी बाजूला सारली आणि कोरडा भात खाल्ला. हरायचं असतं तर ती वाटी खाल्ली असती.

सकाळी सालदारणीच्या मागे लागलो. "कोंबड्या दिवसभर कुठं कुठं जातात? मला सगळं दाखव."

"कोंबडीच्या मागं फिरणार?"

"धडगावपर्यंत गेली तरी फिरणार."

"उन्हात कोंबडी धडगावला जात नाही," ती म्हणाली. "शेवग्याखाली बसते."

शेवगा धुण्याच्या दगडामागे. तिथं दिवसभर साबणाचं, भांड्यांचं पाणी झिरपतं आणि सावली असते. मी गुडघ्यांवर रांगत गेलो. आणि पाहिलं तर ओल्या मातीत दोन-दोन पानांची इवली रोपं! कोणी पेरली नाहीत, कोणी गाळली नाहीत, कोणी उकळली नाहीत. मोजून अकरा. मी असा ओरडलो की त्या दिवशी तापीकाठची गुरं पुन्हा उठली असतील. आईचाच मुलगा मी.

आई आली, वाकली, पानाला बोट लावलं. "मिरची शे," म्हणाली. "पन मन्ही शे का पाकीटनी, ते लाल व्हवावर समजी." आणि निघून गेली. मला वाटलं होतं, निदान पाठीवर हात ठेवेल.

मग मी राखण केली. या खेपेला खरी राखण. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. शेवग्याखाली खाट टाकली, छत्री बांधली, रोपांभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. जेवणाचं ताट तिथंच, आणि त्यात मिरची नाही. मला वाटतं, मे महिन्यात खानदेशात झाडाखाली बसून राहिलेला माणूस भाजलेल्या कणसापेक्षा वेगळा दिसत नाही. तरी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. फक्त एकदा आंघोळीला गेलो.

परत आलो तर बकरी.

काटे तिनं ओठानं बाजूला केले होते आणि वर पुढचे दात नसलेल्या त्या तोंडानं कोवळी रोपं एकेक करून कातरत होती. मिरची तिखट असते, मिरचीचं पान तिखट नसतं! हे मला पुस्तकानं सांगितलं नव्हतं. मी ओल्या टॉवेलसह धावलो. अकरातली सात गेली होती.

"मी म्हटलं होतं ना, बकरीनं खाल्लं!" मी सालदारणीवर ओरडलो.

"तेव्हा खोटं म्हटलं होतं," ती बकरीचा कान धरून म्हणाली. "आता खरं झालं."

बकरी त्या दिवसापासून दोरीला. उरलेल्या चार रोपांजवळ मी आंघोळ सोडून बसलो, असं बायको आजही लोकांना सांगते. खोटं आहे. दिवसाआड करत होतो.

चारही जगली. पाऊसपाणी झाल्यावर वावराच्या बांधाशी लावली, आणि तिथंही काट्यांच्या दोन फेऱ्या, जाळी आणि मी. दसऱ्याच्या सुमारास पहिली मिरची लाल झाली. लांबट, शेंड्याला थोडी वळलेली. सात महिने फिक्कं खाऊन माझ्या जिभेला भिंतीच्या चुन्याचीही चव लागायला लागली होती. मी ती मिरची न तोडता आईला बांधावर घेऊन गेलो.

आईनं ती तोडली, वास घेतला, टोक मोडून जिभेला लावलं. डोळ्यात पाणी आलं. तिखटाचं की कशाचं, मी विचारलं नाही. ती तिथंच मातीत बसली. मिरची हातात धरून तिच्या वळलेल्या शेंड्यावरून अंगठा फिरवत राहिली. मला खात्री पटली.

"हीच ना, माय?" मी म्हणालो. "कोंबड्यांच्या पोटातून, बकरीच्या तोंडातून आणली बघ. आता तरी मला ठेचा खाऊ दे!"

आईनं पदरानं डोळे पुसले आणि मिरची माझ्या हातावर ठेवली.

"पहिले बी काढी ले."