अर्धापूरच्या खोडाची पांढरी बुरशी

आमच्या लॅबचे किस्से विचारूच नका. लोकांना बुरशी दिसली की ते फेकून देतात, आम्ही ती डब्यात भरून नांदेडला आणतो. मग किस्से साचणारच की!

*

आमचे गाइड शिंदे सर. चाकूरला भाचीच्या लग्नात त्यांना चुलीजवळच्या सरपणावर रानबुरशी दिसली. तिकडं नवरदेव दारात, अन् सर ओंडक्यासाठी आचाऱ्याशी भांडून राहिले! आचारी म्हणाला, "न्या सर. भात कच्चा राहिला तर व्याह्यांना तुमीच तोंड द्या."

परतताना ओंडका कारमध्ये पुढच्या सीटवर. सरांच्या मिसेस मागं बसल्या!

*

नाझनीन आमची पीएचडीवाली. अर्धापूरच्या बालाजीमामांच्या बांधावर बाभळीचं जुनं खोड होतं, त्यावरून तिनं पांढरी बुरशी आणली. लॅबमध्ये काचेच्या प्लेटीत शेजारी वाढवली, तर केळीची मुळं कुजवणारी बुरशी हिच्यापुढं वाढेचना! सर प्लेट बघून म्हणाले, "पोरी, झाली तुझी पीएचडी."

त्या खोडाचा एक तुकडा नाझनीननं घरीही नेला होता. तिच्या अम्मींचा रोज एकच सवाल, "ये सडी लकडी फेंकू क्या?"

"नको अम्मी!"

एक दिवस तुकडा कोपऱ्यातून गायब. पोरगी अम्मींशी लई भांडली.

*

अन् मे महिन्यात आमचा मेला बुरशी वाढवायचा इन्क्युबेटर बिघडून तापला. नाझनीनच्या सगळ्या प्लेटा खलास! फ्रीजमधल्या राखीव नळ्यांतली बुरशीही बारीक किड्यांनी खाल्लेली. बुरशी न्हाई तर पीएचडी न्हाई. तिचा चेहरा बघवेना.

सर म्हणाले, "रडू नको गं. खोड हाय की!"

आम्ही तिघं अर्धापूरला पळालो. खोड जागेवर, मामा खुशीत. "सर, तुमी म्हणलात खोड जपा. लई जपलं बगा! किडा न्हाई, बुरशी न्हाई. केळीचं औषध उरलं होतं, दोनदा मारलं!"

सरांनी हात जोडले. "लई उपकार झाले मामा," म्हणाले. मामांनी चहा पाजला.

*

नाझनीनला घरी सोडलं. दारातच तिचा बांध फुटला. "अम्मी, सब खतम हो गया! वो बुरशी कहींच नहीं बची."

अम्मींनी ऐकून घेतलं अन् मोरीकडं गेल्या. तिथं पाण्याचा रांजण डुगडुगायचा, म्हणून त्याच्याखाली लाकडाचा तुकडा सारलेला. तो त्यांनी ओढून आणला. ओलीनं त्याच्यावर पांढरीशुभ्र बुरशी फुललेली!

नाझनीन रडायची थांबली. सरांनी हात पुढं केले.

अम्मींनी तुकडा पदराआड घेतला, लेकीकडं बघितलं अन् म्हणाल्या, "अब बोल. फेंकू क्या?"